गोपाळकृष्णबाबूंची घाई आणि श्रियाचा फुटबॉल

बालाघाटच्या सिंचन वसाहतीत गोपाळकृष्ण देशकर नावाचे एक बाबू राहतात. देवाने त्यांना धडधाकट शरीर दिलं, पक्की सरकारी नोकरी दिली, देवभोळी बायको दिली, सोन्यासारखी पोरगी दिली. धीर तेवढा द्यायचा विसरला. गोंदियाची गाडी पकडायची तर हे फलाटावर पोचतात तेव्हा आदली गाडीसुद्धा आलेली नसते. लग्नाच्या जेवणाला जातात तेव्हा आचारी अजून कांदे चिरत असतो. घरामागच्या झाडाचा आंबा पाडाला लागायच्या आत उतरवून पेंढ्यात घालतात, आणि आंबट निघाला की झाडाला नावं ठेवतात.

हा रोग जन्मजात नव्हे. तरुणपणी राज्यसेवेच्या परीक्षेला बसायचं बसायचं म्हणता म्हणता वयाची मर्यादा टळली. जबलपूरचा चुलतभाऊ मात्र वेळेत बसला, साहेब झाला, आणि दिवाळीला काजूकतलीचा डबा घेऊन दर वर्षी येऊ लागला. तो डबा गोपाळकृष्णबाबूंच्या घशात जो अडकला तो अडकलाच. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात दोनच जाती उरल्या: वेळेवर पोचलेले आणि राहून गेलेले. आपण राहून गेलो, पोरगी राहता कामा नये. म्हणून श्रिया नीट बोलायला लागायच्या आत तिचं शाळेत नाव पडलं. पहिल्याच दिवशी ती वर्गात झोपली आणि बाईंनी तिला कडेवर घेऊन घरी आणून दिलं. "सवय होईन," बाबू म्हणाले.

त्यांची बायको सुनंदा रामपायलीची. रामाच्या देवळाच्या घंटेवर उठायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे नवऱ्याच्या घाईचा तिला तसा त्रास नव्हता. ती त्याच्या आधीच उठलेली असे. पण तिचा हिशेब वेगळा होता. भात शिजायला भाताला लागतो तेवढा वेळ लागतो, आपल्याला भूक लागली म्हणून तो लवकर शिजत नाही, एवढं तिला कळत होतं. हे ती नवऱ्याला सांगत नसे. ज्याला झाकण उचलून उचलून पाहायची खोड, त्याला काय सांगायचं?

श्रिया नऊ वर्षांची झाली आणि तिला फुटबॉल लागला. लागला म्हणजे ताप लागावा तसा. भरवेलीच्या रस्त्यावर खाणीतल्या कामगारांच्या वस्तीजवळ एक मैदान आहे. बांबूचे गोलखांब, मधोमध लाल धूळ, आणि एका कोपऱ्यात कायम बसलेली म्हैस, जिला चेंडू लागला की कॉर्नर धरायचा असा तिथला कायदा. तिथे श्रिया आणि तिची मैत्रीण दीप्ती रोज संध्याकाळी खेळायच्या. दीप्तीचे वडील खाणीत होते. तिची आई गीता मैदानाच्या कडेला बसून भाजी निवडायची. सुनंदाही पोरीला सोडायला गेली की तिथेच टेकायची. एकीचे बुद्ध, दुसरीचे राम, पण मेथी दोघींची सारखीच, आणि दोघींच्या पोरींचे गुडघे सारखेच फुटलेले.

"तुमची श्रिया डाव्या पायानं मारते ना, तेव्हा माह्या दीप्तीच्या पोटात गोळा येते," गीता म्हणायची.

"अन् तुमची दीप्ती आडवी आली की माह्या पोरीले रस्ता सापडत नाही."

असं चाललं होतं. छान चाललं होतं, म्हणूनच गोपाळकृष्णबाबूंचं लक्ष गेलं.

गोंदियाला एक क्लब निघाला. साधा नव्हे, एलिट. मुलींसाठी एलिट फुटबॉल क्लब. त्याच्या संचालकाचं नाव पियुष सर; अंगात चकचकीत ट्रॅकसूट, गळ्यात शिटी, डोळ्यावर काळा चष्मा, तोही हॉटेलच्या बंद हॉलमध्ये. तिथे त्यांनी पालकांची सभा घेतली. पडद्यावर परदेशातल्या पोरींची चित्रं दाखवली, एका मेंदूचं चित्र दाखवलं, आणि सांगितलं की आठ ते बारा हे सोन्याचं वय असतं, त्यानंतर मेंदूतली खिडकी बंद होते. मग पोरीने डोकं आपटलं तरी उपयोग नाही. "लेट हो गए तो समझिए हो गया," असं ते म्हणाले, आणि चुलतभावाचा डबा घशात अडकलेल्या माणसाला आणखी काय लागतं?

घरी येऊन चप्पल काढायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "श्रियाले एलिटमध्ये टाकायचं. आताच. खिडकी बंद होऊन राह्यली."

सुनंदा देवापुढची समई पुसत होती. "कोणती खिडकी?"

"मेंदूची."

"मागच्या खोलीच्या खिडकीची कडी तुटून किती दिवस झाले, ते बंद होत नाही म्हणून तुमच्या मागं लागली मी. ते बंद करा आधी."

"तुले मजाक सुचते. अगं, सोन्याचं वय आहे हे!"

"हौ. म्हणूनच खेळू द्या म्हणते तिले. आठवड्यातून चारदा राजेगाववरून गोंदियाले जाणं, येणं, बसमध्ये झोपणं, बसमध्ये डबा खाणं. सोनं बसच्या सीटवर घासत नेता का?"

बाबूंनी मग क्लबचा नियम सांगितला, आणि तो सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. एकदा एलिटमध्ये गेलं की दुसरीकडे कुठेही खेळायचं नाही. गल्लीत नाही, शाळेत नाही, भरवेलीच्या मैदानावर तर नाहीच. वाईट सवयी लागतात.

दारात श्रिया उभी होती. चेंडू काखेत. "म्हणजे दीप्तीसोबत नाही?"

"तिथं तुले नवीन मैत्रिणी भेटतीन बेटा. एलिट."

श्रियाने चेंडू खाली ठेवला आणि ती आत गेली. सुनंदाने समई पुसायची थांबवली. इतका वेळ तिला वाटत होतं की हे नेहमीचं वारं आहे, येईल आणि जाईल. आता तिला कळलं की या वाऱ्यात पोरीचं अख्खं मैदान उडून जाणार.

क्लबच्या निवडचाचणीची तारीख आली ती नेमकी नवरात्रातली अष्टमी. शाळांना सुट्टी म्हणून क्लबने तीच धरली. आणि अष्टमीला आपल्याकडे काय असतं हे बालाघाटात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: कन्याभोजन. घरोघरी लहान मुलींना देवी म्हणून बोलवायचं, पाय धुवायचे, आळता लावायचा, चुनरी पांघरायची, आणि पुरी, चणे, शिरा, खीर असं वाढायचं की देवी उठताना भिंत धरेल.

सुनंदाने सांगितलं, "त्या दिवशी तिले कोणाकडेच पाठवत नाही मी. देवी समजून घेईन. पोट भरून कोणी धावते का?"

बाबूही हौ म्हणाले. पण आदल्या दिवशी ऑफिसात कार्यपालन यंत्री, म्हणजे खात्याचे मोठे इंजिनियर साहेब, यांनी त्यांना आत बोलावलं आणि म्हटलं, "देशकर बाबू, कल मैडम के यहाँ कन्याभोज है, बिटिया को भेज दीजिए." झालं. बाबूंची मान आपोआप खाली गेली आणि जिभेवर "जी सर" आलं. नाही म्हणायचं यंत्र त्यांच्यात बसवलेलंच नव्हतं. सरकारी माणसात ते भरतीच्या वेळीच काढून घेतात.

त्यांनी तोड काढली. सकाळी साहेबांकडे देवी, दुपारी गोंदियाला खेळाडू. "दोन घास खाईन अन् निघू. त्यात काय?"

"देवीले दोन घासांवर कोणी उठू देते का?" सुनंदा म्हणाली. पण शब्द गेला होता. साहेबाच्या बायकोला कळवून मोडता घालणं म्हणजे बाबूंच्या मते नोकरीवर दगड टाकणं.

अष्टमीला सुनंदाच्या घरी घट बसलेला, अखंड दिवा तेवत होता. त्या दिव्याला सोडून घराबाहेर पडायचं नसतं. तिने शेजारच्या शेवंताबाईंना बोलावलं, हात जोडले, "काकू, संध्याकाळपर्यंत तेल पाहा. मी पोरीसोबत जाते."

"तू काहून जातं? गोपाळ आहे न."

"ते आहेत म्हणूनच."

साहेबांच्या बंगल्यात पूजा उशिरा सुरू झाली, कारण मॅडमना मुहूर्त पाहिजे होता. बाबू व्हरांड्यात घड्याळाकडे पाहत घाम पुसत होते. जो माणूस गाडीच्या आधीच्या गाडीला पोचतो, त्याला मोठ्यांच्या बंगल्यात उशिराची चटणी चाटावी लागते, हा देवाचा न्यायच म्हणायचा. आत श्रिया लाल चुनरी घेऊन पाटावर बसली होती. मॅडम वाढत होत्या.

"बस आंटी," श्रिया म्हणाली.

"देवी मना नहीं करती बेटा. एक पूरी और."

"मैडम, वो दोपहर को ज़रा फुटबॉल..." बाबू दारातून पुटपुटले.

"अरे वाह! फिर तो ताकत चाहिए. खीर लो." आणि वाटी पुन्हा भरली. बाबू हसले. लाचार माणसाला हसू फार लवकर येतं.

राजेगाववरून भाड्याने आणलेली गाडी हाणत ते गोंदियाला पोचले तेव्हा चाचणी सुरू झाली होती. ऑक्टोबरचं ऊन माथ्यावर. मैदानात हिरवं गवत होतं, खोटं कशाला बोला, आणि म्हैसही नव्हती. श्रियाने बूट चढवले. आत पायांना आळता, कपाळावर मळवट, पोटात साहेबांची खीर. शिटी वाजली. ती दहाबारा पावलं धावली, थांबली, वाकली, आणि रेषेबाहेर जाऊन तिने अष्टमीचा सगळा प्रसाद भूमातेला परत केला. सुनंदाने तिला सावलीत नेलं, तोंड धुतलं, पदराने वारा घातला. पुढचा सगळा वेळ पोरगी निंबाच्या झाडाखाली गुडघ्यात डोकं घालून बसून होती. चेंडूला तिचा पाय एकदाही लागला नाही.

बाबू दूर उभे राहिले. जवळ आले असते तर बाप कोण हे लोकांना कळलं असतं.

शेवटी पियुष सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि नावं वाचायला सुरुवात केली. एक पोरगी निवडली. टाळ्या. दुसरी निवडली. टाळ्या. तिसरी, चौथी. सुनंदाच्या लक्षात आलं की टाळ्या थांबतच नाहीत. आणि मग: "श्रिया देशकर, बालाघाट!"

बाबूंच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं. दुरून धावत जवळ आले. आता बाप कोण हे लोकांना कळायलाच पाहिजे होतं.

श्रियाने डोकं वर केलं. "पण मी तर खेळलीच नाही."

"चूप. झालं ना सिलेक्शन," बाबू म्हणाले.

"मले काहून घेतलं मग?"

सुनंदाच उठली. पदर खोचून सरांसमोर उभी राहिली. "सर, हिले खेळताना तुम्ही पाह्यलंच नाही."

"मैडम, हम लोग खेल नहीं, पोटेन्शियल देखते हैं. हमारी आँख को दिख जाता है."

"कशात दिसलं? वांतीत?"

मागे दोनतीन आया फिसकन हसल्या. सरांनी चष्मा नीट केला. "देखिए, अभी नहीं आई तो लेट हो जाएगा. सोमवार से बैच है. फिर खिड़की..."

"खिडकीचं मी पाहून घेईन," सुनंदा म्हणाली. "तुम्ही तिले नीट असताना एक दिवस खेळवा. जमली तर घ्या, नाही जमली तर नाही म्हणा. नाही म्हणाल ना? की नाही म्हणताच येत नाही तुम्हाले?"

सर दुसऱ्या पालकाकडे वळले. बाबूंनी बायकोचा हात ओढला. "काय लावलं हे? चार लोकांत माही इज्जत..."

आणि तेवढ्यात शेवटचं नाव वाचलं गेलं: "रीना, बालाघाट!"

बाबूंचा हात सुटला. मान गर्रकन वळली. पलीकडे, त्यांच्याच ऑफिसात आवक-जावक टेबलावर बसणारा, त्यांच्या हाताखालचा वीरेंद्र आपल्या रीनाचं डोकं कुरवाळत होता. रीना गुणी पोरगी, चित्रं छान काढते. चाचणीत तिच्याकडे चेंडू आला की ती बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. तिला हे सगळं नको होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण वीरेंद्र पेढ्याच्या दुकानाची चौकशी करत होता, आणि बाबू दिसताच हाक मारत आला. "देशकर साहब! बधाई हो! अपनी दोनों बेटियाँ एलिट हो गईं!"

'अपनी दोनों' हे शब्द गोपाळकृष्णबाबूंना जेवढे लागले, तेवढं बायकोचे टोमणे, पोरीचे डोळे, नवरात्राचा उपास, यांतलं काहीही लागलं नव्हतं. चेहऱ्यावरचं ऊन गेलं ते गेलंच.

परतीच्या वाटेवर राजेगावला चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली, पण उतरले नाहीत. स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसले.

मागून श्रिया म्हणाली, "बाबा, सगळ्याच पोरींना घेतलं."

"हं."

"एकीलेही नाही काढलं. मग आम्ही कोणाले हरवलं?"

बाबूंची बोटं स्टीअरिंगवर थांबली.

"सोमवारी दीप्ती विचारीन, किती गोल मारले. काय सांगू तिले? ओकली म्हणून घेतलं?" तिचा आवाज फुटला. "मी नाही जात. मले खेळून जायचं. मी मोठी झाली न, की मीच सांगीन, आता न्या. तेव्हा न्यायचं. आज नाही."

सुनंदाने मनात रामाचं नाव घेतलं आणि वाट पाहिली. तिला ठाऊक होतं की आता नवरा काय बोलेल त्यावर पोरीचं मैदान राहणार की जाणार ते ठरेल. उगाच मधे बोललं की तो हट्टाला पेटतो.

शेवटी बाबू म्हणाले, "वीरेंद्राची पोरगी जिथं एलिट होते, तिथं आपली काहून पाठवायची? काही दर्जा आहे का त्या क्लबचा?"

झालं. पोरीने पोटातलं सगळं काढून दाखवलं, रडून सांगितलं, बायकोने चार लोकांत भांडून सांगितलं, ते राहिलं बाजूला. हाताखालच्या माणसाच्या पंगतीला बसायला नको, एवढ्यावर निकाल लागला. सुनंदाला हसू आलं आणि रागही आला. पण सरळ बोटाने निघत नसलेलं तूप देवाने वाकड्या बोटाने काढून दिलं, तर तूप टाकून देणारी ती नव्हती. "बरोबर बोलले तुम्ही," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य ती मोजून वापरते, म्हणून त्याला अजून भाव आहे. "तिनं स्वतःहून मागितलं, अन् खेळून कोणी घेतलं, तर तेव्हा पाहू. आता तुम्हीच म्हणता तर राहू द्या."

"मीच म्हणतो," बाबू म्हणाले आणि उतरून तिघांसाठी चहा सांगितला. श्रियाच्या चहात दूध जास्त घालायला सांगायचं ते विसरले नाहीत. तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे.

दिवाळीच्या आत गोपाळकृष्णबाबू पार बदलले. म्हणजे माणूस तोच, वारं उलटं. आता ते वसाहतीत ज्याला त्याला गाठून सांगतात की पोरांच्या बाबतीत घाई करू नये. "आमच्या श्रियाचं एलिटमध्ये सिलेक्शन झालं होतं बरं का. आम्हीच नाही म्हटलं. नऊ वर्षं हे काय वय आहे? बालपण हिसकायचं का?" ऐकणारा मान हलवतो. ओकारीचा मजकूर त्यात कुठेच नसतो, आणि सुनंदाचा तर नाहीच नाही. चुलतभाऊ काजूकतली घेऊन आला तेव्हा त्यालाही त्यांनी हेच सुनावलं, इतकं की निघताना बिचाऱ्याने वहिनीची माफी मागितली, कशाची ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

वीरेंद्राने रीनाला चारपाच वेळा नेलं आणि बसमध्ये तिला ताप भरला तेव्हा बंद केलं. पोरगी पुन्हा चित्रं काढते आहे. बाबूंनी त्यालाही उपदेश केला.

परवा संध्याकाळी सुनंदा आणि गीता भरवेलीच्या मैदानाच्या कडेला हरभऱ्याची भाजी खुडत बसल्या होत्या. बाबूही आले होते. एक नवीन पालक सापडला होता, खाणीत बदलून आलेला, सात वर्षांच्या पोरीचा बाप. बाबू मैदानाकडे पाठ करून त्याला मेंदू, वय, संयम समजावत होते. हात वर, बोट हवेत.

त्यांच्या मागे दीप्तीने चेंडू अडवला, पण तो निसटला, श्रियाने डाव्या पायावर घेतला, दोघींना चकवलं आणि बांबूच्या आतून असा मारला की मैदानावर एकच ओरडा झाला. श्रिया हात पसरून धावत सुटली आणि धावता धावता बापाकडे पाहत राहिली.

"...उतावीळपणा हाच खरा शत्रू," बाबू म्हणत होते. ओरडा ऐकून त्यांनी मान वळवली. "काय झालं? कोणी मारला?"

गीताने तोंडाला पदर लावला. सुनंदा उठली, भाजीची टोपली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "धरा. अन् तोंड तिकडे करून उभे राहा जरा."

ते उभे राहिले. नवीन पालक संधी साधून सटकला.